नुसत्या विश्वासावर कसं भागतं?

"तुमच्यात बरंय, विश्वास ठेवला की पापं माफ. मग चांगलं वागायची गरजच काय?" नगरच्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गाठतो. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. केलेलं ज्याचं त्याला फेडावं लागतं, हे अंगवळणी पडलेल्यांना आमचं म्हणणं फुकटेपणाचं वाटणारच.

तुम्ही विचारलंत म्हणून बायबलमधल्या अब्राहामापासून, विश्वासाचा बाप मानलेल्या त्या मूळ पुरुषापासून सुरुवात करतो. तेव्हा त्याचं नाव अब्राम. पंचाहत्तरी गाठल्यावर घरदार सोडून निघालेला, पोटी मूल नाही. देव त्याला तारे दाखवतो आणि म्हणतो, तुझी संतती एवढी होईल. हा विश्वास ठेवतो आणि देव तोच विश्वास नीतिमत्त्व, म्हणजे देवापुढचं निर्दोषपण, म्हणून त्याच्या नावावर धरतो. गंमत म्हणजे लगेच पुढे हाच अब्राम विचारतो, हा देश मला वतन मिळेल हे कशावरून समजू?

देव रागावत नाही, करार करतो. तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका मधोमध चिरून अर्धी अर्धी धडं समोरासमोर मांडलेली. होला आणि पारव्याचं पिलू तेवढं न चिरलेलं. मांसावर पक्षी झेपावतात, म्हातारा हाकलत बसतो. अशा तुकड्यांमधून करार करणाऱ्यांनी चालत जायचं, म्हणजे करार मोडला तर माझीही हीच गत होवो. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 34 व्या अध्यायात ही रीत स्पष्ट दिसते. पण इथे सूर्य मावळतो, अब्रामाला गाढ झोप लागते, आणि अंधारात धुमसती भट्टी व जळती मशाल तुकड्यांमधून जाते. अब्राम चालतच नाही. जोखीम एकट्या देवाने अंगावर घेतली. आम्ही येशूच्या वधस्तंभाचा अर्थ इथूनच लावतो: करार मोडला माणसाने, भोगलं ज्याने वचन दिलं त्याने.

पुढे वचनाची वाट न पाहता बायकोची दासी हागार हिच्यापासून मूल मिळवण्याचं प्रकरण झालं, अब्राम डळमळला. वचन टिकलं.

नव्या करारात, रोमकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल नेमका क्रम पकडतो. अब्राम नीतिमान गणला गेला तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती. कराराची ही खूण 99 व्या वर्षी झाली. म्हणजे जन्म, कूळ, खूण यांच्या आधीच दार उघडलेलं होतं. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं. पुढे महारवाड्या-मांगवाड्यांतून जे ख्रिस्ती मंडळीत आले, त्यांत माझे पणजोबा होते. ज्यांना देवळाच्या पायरीलाही शिवू देत नव्हते, त्यांना हा क्रम किती मोठा वाटला असेल! त्याला फुकटेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग वागणुकीचं काय? नव्या करारातलाच दुसरा पत्रलेखक याकोब त्याच अब्राहामाचं नाव घेऊन बजावतो की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. उघड्या, उपाशी भावाबहिणीला काही न देता 'सुखाने जा, ऊब घ्या' म्हणालात तर उपयोग काय, असं तो रोखठोक विचारतो. आमच्याकडे पौलावर जितकी प्रवचनं होतात तितकी याकोबावर होत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. शेताच्या वाटणीत भावाला नडणारा माणूस प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीला, पुढच्या बाकावर बसून प्याला घेतो, तेव्हा तुमचा प्रश्न तुमच्यापेक्षा मलाच जास्त टोचतो.