सारायेव्हो ते कोतोर : बाल्कनमधील अकरा रात्री

गेल्या सप्टेंबरात मी आणि माझी धाकटी बहीण अशा आम्ही दोघी सारायेव्हो व मोस्तार (बॉस्निया-हर्झगोव्हिना), दुब्रोव्हनिक (क्रोएशिया) आणि कोतोर (माँटेनिग्रो) या क्रमाने अकरा रात्रींचा प्रवास करून आलो. आमच्या ओळखीतील जे लोक पूर्वी या भागात जाऊन आले होते, त्यांनी सगळा मुक्काम दुब्रोव्हनिकला ठेवून मोस्तार एका दिवसाच्या सहलीत उरकले होते आणि सारायेव्हो तर वगळलेच होते. आम्ही नेमके उलटे केले. चार रात्री सारायेव्होला दिल्या, दोन मोस्तारला, दोन दुब्रोव्हनिकला आणि तीन कोतोरला. हा क्रम आणि ही वाटणी बरोबर होती असे आज मी खात्रीने सांगू शकते, म्हणून हे तपशिलात लिहीत आहे.

आधी व्हिसाचे पाहू, कारण सगळे नियोजन त्यावर अवलंबून आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि तेथे युरो चालतो. बॉस्निया-हर्झगोव्हिना आणि माँटेनिग्रो हे देश शेंगेनच्या बाहेर आहेत. मात्र वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तेथे थोड्या दिवसांसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. आमच्या मार्गात शेंगेनमधील देश एकटा क्रोएशियाच असल्याने अर्ज त्यांच्याकडेच केला. यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते, ती म्हणजे व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा हवा. आमच्या एजंटाने अर्जात ‘एकदाच प्रवेश’ अशी खूण केली होती. सही करण्यापूर्वी बहिणीने कागद वाचले म्हणून चूक वेळेवर सापडली, अन्यथा सारायेव्होच्या विमानतळावरच अडवणूक झाली असती. नियम बदलत राहतात. तेव्हा निघण्यापूर्वी दोन्ही देशांच्या दूतावासांना ई-मेल करावा आणि आलेले उत्तर छापून जवळ ठेवावे.

आम्ही मुंबईहून इस्तंबूलमार्गे सारायेव्होला उतरलो. मिल्यात्स्का नदीच्या दोन्ही काठांनी लांबट पसरलेले आणि चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले हे गाव पहिल्या संध्याकाळी पाहिले, तेव्हा डोंगर इतके जवळ असल्याचे कौतुक वाटले. दुसऱ्या दिवशी त्याच डोंगरांचा अर्थ कळला. बॉस्नियाच्या युद्धात ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६ असे १,४२५ दिवस या शहराला वेढा पडला होता आणि तोफा व नेमबाज याच उतारांवर बसले होते. रस्त्याने चालताना फरसबंदीत मध्येच फुलाच्या आकाराचे लाल डाग दिसतात. तोफगोळा फुटून जमिनीला पडलेल्या खळग्यात लाल राळ ओतून ते केले आहेत आणि लोक त्यांना ‘सारायेव्होचे गुलाब’ म्हणतात. मार्काले या मंडईत ५ फेब्रुवारी १९९४ रोजी एका गोळ्याने ६८ माणसे मारली गेली. आज तेथे बायका टोमॅटो आणि प्लम विकतात आणि मागच्या भिंतीवर मृतांची नावे कोरलेली आहेत. आम्ही अर्धा किलो प्लम घेतले आणि त्या भिंतीपाशी बराच वेळ उभ्या राहिलो.

वेढ्याच्या काळात विमानतळाच्या धावपट्टीखालून खणलेला सुमारे ८०० मीटरचा बोगदा हा शहराचा बाहेरच्या जगाशी उरलेला मुख्य मार्ग होता. अन्न, औषधे, शस्त्रे आणि जखमी माणसे यांची ने-आण त्यातून होई. त्याचा एक छोटा तुकडा बुत्मीर भागातील एका घराखाली जपून ठेवला आहे. तेथे जाण्यासाठी इलिद्झापर्यंत ट्राम आणि पुढे टॅक्सी हा स्वस्त मार्ग आहे. तरीही मी स्थानिक वाटाड्याबरोबर जाण्याचा आग्रह करीन. आमचा वाटाड्या वेढ्याच्या वेळी शाळकरी मुलगा होता. पाणी भरायला जाताना कोणता चौक धावत ओलांडायचा हे त्याने जागेवर उभे राहून दाखवले. या विषयावर आपण होऊन प्रश्नांची सरबत्ती करू नये, तसेच कोणाचा धर्म कोणता हेही विचारू नये. ज्यांना सांगायचे असते ते आपणहून सांगतात, आणि तेव्हा आपण फक्त ऐकावे.

युद्धाखेरीजही या शहरात पुष्कळ पाहण्यासारखे आहे. २८ जून १९१४ रोजी ज्या लॅटिन पुलाजवळ ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज आर्चड्यूक फ्रांझ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नीची हत्या होऊन पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली, तो पूल आपल्याकडच्या ओढ्यावरच्या पुलाएवढाच आहे आणि त्या आटोपशीरपणानेच मन थक्क होते. बाश्चार्शिया या जुन्या बाजारात तांबट आळीची ठोकठोक अजून ऐकू येते. ऑस्मानी राजवटीमुळे येथील बोलीत अरबी-फारसीतून आलेले पुष्कळ शब्द आहेत : दुकानाला ‘दुचान’, साखरेला ‘शेचेर’, बदामाला ‘बादेम’. पहिल्याच दिवशी ‘दुचान’ कानावर पडले आणि आम्ही एकमेकींकडे पाहिले.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी एका सकाळी कॉफीला बोलावले. दांड्याच्या छोट्या तांब्याच्या भांड्यात उकळलेली ती कॉफी ताटलीत साखरेचे खडे, पाण्याचा पेला आणि लोकुम ही मऊ तुर्की मिठाई यांच्यासह समोर येते. त्यांनी आधी चमच्याने वरचा फेस बिनकानाच्या इवल्या पेल्यात काढला, मग सावकाश कॉफी ओतली. साखरेचा खडा कॉफीत टेकवायचा, दातांनी थोडा तोडून जिभेखाली ठेवायचा आणि वरून घोट घ्यायचा, असे त्यांनी स्वतः करून दाखवले. तासभर झाला तरी भांडे रिकामे झाले नव्हते, आणि होऊ द्यायचेही नसते. मिनारांची आणि प्रेक्षणीय स्थळांची यादी पुरी करण्याच्या नादात असा तास कोणीही दवडू नये.

शाकाहाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. बहीण पूर्ण शाकाहारी आहे आणि तिची कोठेही उपासमार झाली नाही. पातळ पोळीसारख्या आवरणात सारण भरून, वरखाली निखारे ठेवून भाजलेली ‘पिता’ येथे वजनावर मिळते. चीजची ‘सिर्नित्सा’, पालकाची ‘झेल्यानित्सा’ आणि बटाट्याची ‘क्रोम्पिरुशा’ या तिन्ही बिनमांसाच्या असतात आणि सोबत पातळ दह्याचा पेला घेतात. बॉस्नियात ‘बुरेक’ म्हणजे मांसाचीच, हे लक्षात ठेवावे. ‘बेझ मेसा’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ असले की भागते.

आणखी दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. त्रेबेव्हिच डोंगरावर केबल कारने जाऊन १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकची, आता रंगीत चित्रांनी भरलेली बॉबस्लेची (बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीची) घसरवाट अवश्य पाहावी; परंतु बॉस्नियाच्या रानात युद्धातील सुरुंग अजूनही शिल्लक आहेत, म्हणून रुळलेली पायवाट कधीही सोडू नये आणि कवटीचे चिन्ह असलेली लाल पाटी दिसली की मागे फिरावे. दुसरे असे की सारायेव्होला बसस्थानके दोन आहेत आणि बेलग्रेडकडे जाणाऱ्या बऱ्याच बस पूर्व सारायेव्होतील स्थानकावरून सुटतात. तिकिटावरील स्थानकाचे नाव नीट वाचावे.

मोस्तारला रेल्वेने जावे. दोन तासांचा हा प्रवास नेरेत्वा नदीच्या घळीतून, बोगदे आणि वळणे घेत होतो. नदीचे पाणी कोठे पाचूसारखे, कोठे दुधाळ हिरवे दिसते. गाड्या दिवसातून मोजक्याच असतात आणि ऑक्टोबर २०२४ च्या पुरात याब्लानित्साजवळ या मार्गाची मोठी हानी झाली होती, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी प्रत्यक्ष स्थानकावर विचारून घ्यावे.

मोस्तारचा जुना पूल १५६६ मध्ये पूर्ण झाला, ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांच्या माऱ्याने नदीत कोसळला आणि त्याच जातीच्या स्थानिक दगडाने पुन्हा उभारून २३ जुलै २००४ रोजी खुला झाला. दुपारी तेथे पाय ठेवायला जागा नसते. सहलीच्या बस संध्याकाळी परत गेल्या की गाव मोकळे होते आणि सकाळी सातला तर पुलावर आम्ही दोघी आणि एक झाडूवाला एवढेच होतो. म्हणूनच येथे मुक्काम हवा. पुलाचा चढ उभा असून दगड पावलांनी गुळगुळीत झाला आहे. त्यावर आडव्या उंच कडा ठेवल्या आहेत, तरीही बहिणीचा पाय घसरून गुडघा फुटला. पकड असलेलेच बूट घालावेत. जवळच ब्लागाय येथे कड्याच्या पायथ्याच्या गुहेतून बुना नदी एकदम पूर्ण पात्रानिशी बाहेर पडते आणि तिच्या काठावर दर्वेशांचा, म्हणजे सूफी साधकांचा, जुना मठ आहे. तेथे अर्धा दिवस ठेवावा. बॉस्नियाचे चलन परिवर्तनीय मार्क आहे आणि एका युरोला १.९५५८३ मार्क हा दर कायम बांधलेला आहे. उरलेले मार्क मोस्तारमध्येच बदलून घ्यावेत, कारण देशाबाहेर ते कोणी घेत नाही. बसमध्ये सामानाचे एक-दोन मार्क वेगळे आणि रोखीने द्यावे लागतात, एवढी मोड मात्र ठेवावी.

दुब्रोव्हनिक सुंदर आहे आणि महाग आहे. सुमारे दोन किलोमीटरच्या तटबंदीवरून एकाच दिशेने फिरता येते. तिकीट चाळीस युरोच्या घरात आहे आणि दार उघडताच चढले तर ऊन व गर्दी दोन्ही टळतात. पाण्याच्या बाटल्या विकत न घेता ओनोफ्रिओच्या जुन्या कारंज्यावर भरून घ्याव्यात. येथील ग्रामदैवत म्हणावे असे संत म्हणजे संत ब्लेझ. गोव्यात गवंडाळीला याच संताच्या नावाचे चर्च आहे आणि त्याचा संबंध या शहरातून गेलेल्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. ते माहीत असल्यामुळे तटावरच्या त्याच्या मूर्ती आम्हाला अनोळखी वाटल्या नाहीत.

कोतोरकडे जाताना सीमेवर आमची बस सव्वादोन तास थांबली. अंतर नकाशावर थोडे दिसते, म्हणून त्या दिवशी दुसरा कोणताही बेत ठेवू नये; कोतोरजवळच्या पेरास्त गावचे आमचे होडीचे आरक्षण त्यात वाया गेले. दुसऱ्या दिवशी जाऊन पेरास्तसमोरचे खाडीतले मानवनिर्मित बेट पाहिले. दगड भरलेल्या जुन्या होड्या बुडवून ते वाढवत नेले, आणि दर वर्षी २२ जुलैला गावकरी अजूनही होड्यांतून दगड नेऊन तेथे टाकतात. कोतोरच्या किल्ल्याला सुमारे १,३५० पायऱ्या आहेत. आम्ही साडेसहाला चढायला लागलो आणि निम्म्या वाटेवरच्या चर्चपाशी थांबलो. तेथून खाडी पूर्ण दिसते, तेव्हा गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी तेथूनच फिरायला हरकत नाही. माँटेनिग्रो युरोपीय संघात नसला तरी चलन युरोच आहे. खासगी घरात उतरल्यास मालकाकडून आपली नोंदणी झाल्याची पावती मागून घ्यावी आणि देश सोडेपर्यंत पासपोर्टात ठेवावी. परतीचे विमान तिवातहून घेतल्यास दुब्रोव्हनिकची सीमा पुन्हा ओलांडावी लागत नाही. कोतोरहून तिवातला टॅक्सीने वीस मिनिटांत पोहोचता येते.