बघू, बघतो आणि घाटमाथ्याचा रेड अलर्ट: पुण्यातला एक दिवस

शिवाजीनगर मेट्रो स्टेशनवर उतरून मी चालत सिमला ऑफिस चौकात येतो. पुढे काय होणार हे माहीत नसणं वेगळं आणि समोरचा काय म्हणतोय हे न कळणं वेगळं. पहिली अनिश्चितता, दुसरी संदिग्धता. कुठला समाज यातलं काय खपवून घेतो हे बघायला पुण्यातला एक दिवस पुरतो, आणि सुरुवात इथूनच करावी.

हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ही दगडी इमारत सिमला ऑफिस झाली आणि चौकालाही तेच नाव चिकटलं. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघायची. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, पण मान्सूनच्या दीर्घकालीन अंदाजाचं काम पुण्याशी जोडलेलं राहिलं. पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला येतो, सुधारित अंदाज मेच्या अखेरीस. देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी 87 सेंटिमीटर धरली आहे आणि 96 ते 104 टक्के पडला की पाऊस ‘सर्वसाधारण’. एप्रिलच्या आकड्यापुढे पाच टक्के अधिक-उणे लिहिलेलं असतं, मेच्या आकड्यापुढे चार. मला हा अंदाजाचा सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो, आणि बातम्यांतून पहिल्यांदा गळतो तोही हाच.

पुणेकर चिडतात ते मात्र रोजच्या इशाऱ्यावर. रेड अलर्ट आणि शहरात ऊन! इशारा अनेकदा घाटमाथ्याला असतो आणि आपण तो शहराचा समजून वाचतो. शहरात वर्षाला साधारण 70 सेंटिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात त्याच्या पाच-सहा पट, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. म्हणून आधी ‘पुणे’ लिहिलंय की ‘पुणे घाट’ ते बघायचं, मग रंग. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

मेट्रोने दुसरं स्टेशन कसबा पेठ. तिथून अप्पा बळवंत चौक चालत दहा-बारा मिनिटं. पुस्तकांच्या दुकानात पंचांग मागायचं आणि पावसाच्या नक्षत्रांचं पान उघडायचं. मृगापासून हस्तापर्यंत सूर्य साधारण तेरा-चौदा दिवस एकेका नक्षत्रात असतो आणि प्रत्येकाला एक वाहन असतं. रीत सोपी आहे. सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथून त्या वेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊने भागायचं. बाकी शून्य उरली तर हत्ती, तीन तर बेडूक, पाच तर मोर. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले की ओढ. यात अधिक-उणे काही नाही आणि कोकणाला नि मराठवाड्याला एकच वाहन, त्यामुळे अंदाज म्हणून मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. पण पुढचा पंधरवडा कसा जाईल या काळजीला त्याने बोलायला एक नाव मिळतं. ‘यंदा मृगाचं वाहन काय?’ हा प्रश्न म्हणजे शेतकऱ्याची सगळी चिंता चार शब्दांत.

त्याच पंचांगात लग्नाचे मुहूर्त मिनिटापर्यंत दिलेले असतात. पत्रिकेवर 12 वाजून 36 मिनिटं छापलं की गुरुजी मंगलाष्टकं लांबवतात किंवा आवरती घेतात आणि अंतरपाट त्या मिनिटाला बाजूला होतो. पूर्वी हे घटिकापात्रावर चालायचं: तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती 24 मिनिटांत भरून बुडाली की एक घटका. मुहूर्त असा काटेकोर, आणि पंगत कधी बसणार विचारलं तर उत्तर ‘बसेलच आता’. जे महत्त्वाचं तेवढं बांधायचं, बाकीचं मोकळं सोडायचं, अशी ही वाटणी आहे.

दुपारी सदाशिव पेठ. एक ते चार दुकानं बंद, तेव्हा पाट्या वाचत फिरावं. ‘बेल एकदाच वाजवावी’, ‘गेटसमोर वाहन लावू नये’. तोंडावर सांगणं जड जातं ते इथे लिहून टाकलेलं असतं. बोलण्यात मात्र याच गावात ‘बघू’ चालतं, आणि ‘बघू’चे प्रकार ओळखता आले नाहीत तर कामं अडतात. ‘बघतो’ म्हणजे त्या माणसाने काम अंगावर घेतलं. ‘बघूया’ म्हणजे दोघं मिळून, शक्यता चांगली. ‘बघू की’ म्हणजे मन अनुकूल, वेळ ठरलेली नाही. नुसतं ‘बघू’ म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही. ‘बघू नंतर’ म्हणजे नाही. एकवचन ऐकू येईपर्यंत काम सुरू झालं असं धरू नये.

चाकणच्या कारखान्यांत या शब्दांची जपान्यांशी गाठ पडते. डच संशोधक गीर्त हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांची उत्तरं तपासली आणि अनिश्चितता टाळण्याच्या प्रवृत्तीचा निर्देशांक काढला. जपान 92, जर्मनी 65, भारत 40, सिंगापूर 8. हे समाजाचे आकडे आहेत, समोर बसलेल्या माणसाला लावले की चूक होते. पण जपानी माणूस अनिश्चितता टाळतो म्हणून तो स्पष्ट बोलेल असं धरणं ही त्याहून मोठी चूक. ‘केन्तो शिमासु’ म्हणजे शब्दशः ‘विचार करतो’, व्यवहारात बहुतेकदा नकार. ‘मुझुकाशीइ’ म्हणजे ‘अवघड आहे’, आणि आपल्या ‘जरा अवघड आहे’सारखाच तोही नकारच. जर्मन माणूस मात्र नाही असेल तर नाही म्हणतो.

‘होऊन जाईल’ हे जपानी वरिष्ठाला तारखेचं वचन वाटतं, आपल्याकडे तो दिलासा असतो. उपाय त्यांच्याच ‘होरेन्सो’त आहे: होकोकु, रेनराकु, सोदान, म्हणजे अहवाल, निरोप, सल्ला. ‘होईल का?’ विचारू नये. ‘माल आला का? आत्ता कोणाच्या हातात आहे? अडलं तर चारच्या आत कोण कोणाला फोन करणार?’ असं विचारावं. आपली माणसं याला नेमकी उत्तरं देतात, प्रश्न नेमका हवा.

शेवटी सिंहगड रस्त्यावर, दांडेकर पुलाच्या पुढे, पु. ल. देशपांडे उद्यान. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान ते हेच, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. दुपारी बंद असतं, संध्याकाळी उघडल्यावर लगेच जावं. हिरवळीवर पाऊल ठेवायचं नाही, वाट सोडायची नाही: वागण्यात काडीची शंका नाही. पण वाट अशी वळवलेली की पूल दिसतो तेव्हा पाणी लपतं आणि पाणी दिसतं तेव्हा पुढचं वळण. जपानी बागकामात याला ‘मिएगाकुरे’ म्हणतात, दाखवत लपवणं. पुलाच्या मध्यावर थांबून मागे बघा. आलेली वाटही अर्धीच दिसते.

जूनमध्ये जाणार असाल तर छत्री घ्या, आणि निघण्याआधी शहराचा इशारा बघा, घाटमाथ्याचा नाही.