गुहागर ते पुणे : पाण्यातून गाडी काढली, त्यानंतरचे तीन आठवडे

जुलैत गुहागरहून परतताना चिपळूणच्या अलीकडे एका मोरीवर पाणी आलं होतं. समोरून एसटी आली, तिच्या अर्ध्या चाकापेक्षा बरंच कमी पाणी दिसलं, म्हणून मी गाडी घातली. हा अंदाज चुकीचा होता. एसटीचं चाक आपल्या छोट्या गाडीच्या चाकाच्या जवळपास दुप्पट उंच असतं. तिचं अर्धं चाक म्हणजे आपलं जवळजवळ पूर्ण. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं. पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या वेगात साठ-सत्तर मीटर काढले. शेजारी बसलेल्या बाबांनी तोवर एक शब्द काढला नव्हता.

मधेच इंजिन बंद पडलं असतं, तर सेल्फ मारायचा नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दुसरं म्हणजे, चिपळूणला भरतीची वेळ बघूनच निघा. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते; भरती असली की पाऊस थांबला तरी पाणी ओसरत नाही, आणि ते खाऱ्या मिसळीचं असेल तर वायरिंग फार लवकर खातं.

बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत सुकवले. हॉर्न घोगरा झाला होता. कुंभार्ली घाट चढताना एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, आणि पाटणच्या पुढे सेंट्रल लॉक आपोआप वर-खाली व्हायला लागलं. पुण्यात पोहोचलो. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली.

एका गॅरेजने स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला आणि दोन कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, बदलायला सांगितली, खर्च शेहेचाळीस हजार. हडपसरला आमच्या ओळखीचे एक वायरमनकाका आहेत, गाडी चार्ज करून त्यांच्याकडे नेली. ते म्हणाले, "ताई, स्कॅनर सर्किट सांगतो, पार्ट नाही. आधी अर्थ बघू, मग कपलर. महागाचं शेवटी." अर्थ म्हणजे बॅटरीच्या मायनसची बॉडीशी असलेली जोडणी, आणि कपलर म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे जोड. पुढचे दोन दिवस मी त्यांच्या शेजारी उभी राहून बघितलं.

बंद गाडीत चार्ज केलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट आणि चालू इंजिनला 14.2, म्हणजे अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा) ठीक. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडावर ठेवून हेडलाइट लावले आणि हॉर्न वाजवला. तिथे 0.2 व्होल्टच्या आत दिसायला हवं, आमच्याकडे 0.9. डाव्या हेडलाइटखालचा अर्थचा बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, घट्ट बसवला. हॉर्न मोकळा झाला.

बॅटरी का उतरते हे शोधायला वेळ लागला. मायनसची केबल सोडून मीटर 10 अँपिअरवर मधे जोडला, गाडी लॉक केली आणि अर्धा तास हात लावला नाही, कारण आतली युनिट झोपायला तेवढा वेळ लागतो. (मीटर जोडलेला असताना सेल्फ मारलात तर मीटरचा फ्यूज जाईल.) झोपलेल्या गाडीने साधारण 0.05 अँपिअरच्या आत घ्यायला हवेत. आमची 0.42 घेत होती. दोन दिवसांत वीस अँपिअर-तास, आणि माझी बॅटरी पस्तीसची! एकेक फ्यूज काढत गेलो. सेंट्रल लॉकचा काढल्यावर आकडा 0.03 वर आला.

ड्रायव्हरच्या पायाशी कार्पेट वरून कोरडं होतं. उचललं तर खालचा फोम स्पंजासारखा भिजलेला, आणि कडेच्या पॅनेलमागच्या कपलरमध्ये पाणी. पिनांवर हिरवट पूड, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकल्यावर दिसते तशी. कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश, मग रात्रभर टेबलफॅन. गरम हवा जवळून मारू नका, प्लास्टिक वाकतं. शेवटी पिनांना कनेक्टरचं सिलिकॉन ग्रीस. एबीएसचंही तसंच निघालं: पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कपलर चिखलाने भरला होता. सेन्सर चांगलाच होता.

सीटखालच्या पिवळ्या कपलरला मात्र मीटर लावू नका. ते एअरबॅगचे असतात. बॅटरी सोडून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्यांना हात नको, आणि ते काम जाणकारालाच द्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबल्सनाही घरी हात लावायचा नाही.

काकांनी दोन दिवसांचे अठराशे रुपये घेतले. निघताना त्यांनी तेच कपलर पंधरा दिवसांनी पुन्हा उघडायला सांगितलं, कारण वातीत तेल चढावं तसं पाणी वायरच्या आत चढतं आणि उशिरा बाहेर येतं. मी उघडले. सेन्सरच्या कपलरमध्ये एका पिनेवर पुन्हा हिरवी पूड होती. वायर दोन इंच मागे कापली, आतली तार काळी पडलेली दिसली, म्हणून चकचकीत तांबं लागेपर्यंत आणखी कापून नवीन पिन बसवली.