चालेल

रविवार, रात्रीचे पावणेबारा.

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले.

जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन ह्याच्या शेजारी बसले होते. तीन आठवडे खपून केलेली यादी दाखवली. शनिवारी सकाळी कुठली वायनरी, दुपारी कुठली, रात्री जेवायला कुठे, रविवारी काय. ह्याने चष्मा लावला, शेवटच्या ओळीपर्यंत नीट वाचलं आणि म्हणाला, "चालेल."

मी म्हटलं, नको असेल तर सांग, दुसरं बघते.

"नाही गं, चालेल की." आणि उठून भांडी लावायला गेला.

बस्, एवढंच घडलंय. भांडण नाही, कोणाचा आवाज चढला नाही. पण तेव्हापासून तो शब्द बोटात कुसळ गेल्यासारखा सलतोय. चालेल. आवडेल नाही, मजा येईल नाही. सकाळची आमटी गरम केली तर? चालेल. पाहुणे शुक्रवारऐवजी शनिवारी आले तर? चालेल. आणि लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून दोघांनीच दोन दिवस कॅलिफोर्नियातल्या वाइनच्या मुलखात, नापाला जायचं, तर तेही चालेल.

त्या यादीमागे किती रात्री गेल्या ते मलाच माहीत. नापाचं खोरं नकाशावर एवढंसं दिसतं, लांबी जेमतेम तीस मैल. पण त्यात चारशेहून जास्त वायनऱ्या आहेत, आणि मनाला येईल तिथे गाडी वळवली असं तिथे होत नाही. काउंटीने १९९० मध्ये नियम केला, तेव्हापासून नव्या वायनऱ्यांमध्ये आधी वेळ ठरवूनच जावं लागतं. शेतजमीन वाचावी म्हणून हे सगळं. १९६८ पासून त्या खोऱ्यातली शेती राखीव आहे, म्हणून तर सॅन फ्रान्सिस्कोच्या इतक्या जवळ असूनही तिथे बंगल्यांच्या रांगांऐवजी वेलींच्या रांगा दिसतात. मला ते मनापासून पटतं. पण त्याच कारणाने वायनरीत रेस्टॉरंट काढायलाही सहसा परवानगी मिळत नाही. जेवायला गावात यायचं. अकराची वेळ कॅलिस्टोगाला असेल तर जेवण सेंट हेलेनालाच बघायला हवं, यॉन्टव्हिलपर्यंत खाली यायचं तर पुढची वेळ चुकते. शनिवारी हायवे २९ वर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. सिल्व्हराडो ट्रेल त्याला समांतर जातो, तो त्या मानाने मोकळा, म्हणून कुठून कुठे जाताना कुठला रस्ता घ्यायचा तेही लिहून ठेवलं होतं.

आणि नुसतं वेळापत्रक जुळवलं नव्हतं. एकेक जागा ह्याच्यासाठी म्हणून निवडली होती. शातो मॉन्टेलेना घेतली ती तिथल्या तळ्यासाठी आणि १९७६ च्या गोष्टीसाठी. पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटलीचं नाव न बघता चव घेतली आणि पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली ती मॉन्टेलेनाची १९७३ ची शार्डने. तांबड्यात स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची कॅबर्ने, तीही १९७३ चीच. ती शार्डने करणारा माइक गर्गिच क्रोएशियातून इथे आलेला माणूस. परमुलखात येऊन हाताला यश आलेल्या माणसांच्या गोष्टी ह्याला आवडतात. निदान मला तसं वाटतं.

श्रॅम्सबर्ग वायनरीसाठी तर मी दोनदा फोन केला. तिथली तळघरं डोंगराच्या पोटात आहेत, १८७० च्या दशकात चिनी मजुरांनी हातांनी खोदलेली. आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला गेले, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याबरोबर शांततेसाठी म्हणून ग्लास उंचावला, तेव्हा ग्लासात श्रॅम्सबर्गचीच फेसाळती वाइन होती. ज्यांनी ते बोगदे खोदले त्यांच्याच देशात, शंभर वर्षांनी. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. वाटलं, आत त्या गारव्यात उभं राहून ह्याला हे सांगायचं, तोपर्यंत बोलायचं नाही. मनातल्या मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती.

त्याला चालेल.

यॉन्टव्हिलचं फ्रेंच लॉन्ड्री हे रेस्टॉरंट मी यादीत घातलं आणि काढलं. शेफ थॉमस केलर यांनी १९९४ मध्ये घेतलेली ती जागा, पूर्वी खरोखरची लॉन्ड्री होती. नऊ पदार्थांचं जेवण, त्यात भाज्यांचा मेन्यू वेगळा, म्हणजे माझीही अडचण नाही. खर्चाचा विचार होताच, पण काढलं ते त्यासाठी नाही. इतके तास समोरासमोर बसून आम्ही काय बोलू, असं एक क्षण मनात आलं. ते आत्ता नको.

लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसालाही हेच ठरवलं होतं. २७ सप्टेंबर २०२० ला नापात ग्लास फायर नावाचा वणवा पेटला, अख्खं कॅलिस्टोगा रिकामं केलं, मेडोवुडचं मिशेलिनचे तीन तारे मिळवलेलं रेस्टॉरंट जळून गेलं. इथे घराच्या खिडक्या बंद ठेवूनसुद्धा पडद्यांना धुराचा वास येत होता. मी ह्याला म्हटलं, सगळं रद्द करते. तेव्हाही हा "चालेल" म्हणाला होता. आणि त्याच आठवड्यात बाबांचं... असो.

ताईला फोन करावासा वाटला. पण ती काय म्हणेल ते माहीत आहे. निदान न्यायला तरी तयार आहे ना, म्हणेल.

साडेबारा.

पाणी प्यायला उठले आणि ओट्याशी उभी असताना एक जुनी दुपार आठवली. नापाशेजारच्या सोनोमाची. लेक तेव्हा पाळणाघरात जायची, म्हणजे बारा-तेरा वर्षं झाली असतील. एका लांब लाकडी फळीशी आम्ही उभे होतो. ओतणारी मुलगी एकेक बाटली उघडून तळाशी दोन घोट ओतायची आणि बोलत बोलत पुढच्या जोडप्याकडे जायची. हा ग्लास कलता धरून फळीवरच्या पांढऱ्या कागदावर रंग बघायचा. मग नाक अगदी आत घालायचा, डोळे मिटायचा. एक लहान घोट, तोही बराच वेळ तोंडात धरलेला. आणि ती मुलगी पाठमोरी झाली की उरलेली वाइन हळूच माझ्या ग्लासात. एकदा एक थेंब काचेवरून खाली ओघळला तो ह्याने अंगठ्याने पुसला आणि अंगठा चाटला.

दर ग्लासला हेच. मला तेव्हा वाटलं, ह्याला वाइन फारशी आवडत नाही, माझ्यासाठी येतो. इतकी वर्षं मी तेच धरून बसले.

पण ज्याला आवडत नाही तो डोळे कशाला मिटेल?

गाडी ह्याला चालवायची होती. कायम ह्यालाच चालवायची असते. मी हायवेवर गाडी घेत नाही, आणि का घेत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजवर हा त्याबद्दल एका शब्दाने बोललेला नाही.

परत येऊन यादी उघडली. एका टेस्टिंगला साधारण पाच वाइन. ओतताना कोणी हात आखडता घेतो, कोणी सढळ, सरासरी ५० मिली धरली तरी अडीचशे. शनिवारी मी तीन वायनऱ्या ठेवल्यात. साडेसातशे मिली. म्हणजे माणशी एक अख्खी बाटली, संध्याकाळ व्हायच्या आत. भांड्यात थुंकून टाकली तरी थोडी आत जातेच. आणि त्यानंतर जेवायला तिसऱ्याच गावात, जेवणाबरोबर पुन्हा ग्लास, आणि मग अंधारात मुक्कामाला पस्तीस मिनिटं. हे पस्तीस मीच लिहिलंय, माझ्याच हातांनी, त्या रकान्यात.

दोघांची सहल म्हणून मी जी आखली त्यात वाइन माझ्या वाट्याला आणि स्टिअरिंग ह्याच्या वाट्याला. आणि हे वाचून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, हा "चालेल" म्हणाला. आता तो शब्द मला निराळाच ऐकू येतोय. पण म्हणून बरं वाटतंय असं नाही. सांगायला काय होतं ह्याला? मी विचारलं होतं की. दोनदा विचारलं.

पण मी विचारलं ते "ही यादी कशी आहे" असं. तुला काय आवडतं, हे कुठे विचारलं?

सोमवार, सकाळी.

रात्री आत गेले तेव्हा हा जागाच होता. दिवा न लावता विचारलं, "तुला कुठली वाइन आवडते?"

बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "झिनफँडेल. ती जरा मिऱ्यासारखी लागते ना, ती."

"कधी प्यायलास?"

"सोनोमाला. तेव्हा खोलीवर चालत जाता आलं असतं तर अख्खा ग्लास घेतला असता."

इतकंच. दोन मिनिटांत घोरायलाही लागला. मी मात्र छताकडे बघत पडून राहिले. बारा-तेरा वर्षं ह्याने त्या ग्लासची चव लक्षात ठेवली होती. थोडं रडू आलं. का ते धड सांगता येणार नाही.

सकाळी चहा व्हायच्या आत मॉन्टेलेना आणि बाकीच्या वेळा सोडून दिल्या. अजून मुदत होती, पैसे परत मिळतील. मुक्काम बदलला, आता सोनोमा गावातच, चौकापासून दोन गल्ल्या आत. तो चौक आठ एकरांचा आहे, मधे बाग, कडेने जुन्या इमारती, एका कोपऱ्यावर ख्रिस्ती पाद्र्यांचं १८२३ चं मिशन, कॅलिफोर्नियातल्या एकवीस मिशनांपैकी शेवटचं. आणि चौकाच्या चारी बाजूंना वायनऱ्यांच्या टेस्टिंग रूम. एका जागी दोन वाइन घ्याव्यात, बाहेर बाकावर बसावं, वाटलं तर पुढच्या दारात जावं, नाही तर नाही. वेळ न ठरवता गेलं तरी काही ठिकाणी जागा मिळते. सोनोमा खोऱ्यात जुन्या वेलींची झिनफँडेल पुष्कळ, कोणाकडे ती आहे तेवढं मात्र बघून ठेवलंय.

रात्रीचं जेवण चौकातच, द गर्ल अँड द फिगला. फ्रेंच खेड्यातल्या पद्धतीचं साधं जेवण, आणि वाइनची यादी बहुतेक फ्रान्समधल्या ऱ्होनकडच्या द्राक्षांची. तिथे तीन तास बसायची सक्ती नाही. बसलो तर बसलो. दुपारी वेल्लाच्या दुकानातून चीज घ्यायचं. १९३१ पासूनचं ते दुकान, तिथलं ड्राय जॅक कोको आणि मिरपुडीच्या पापुद्र्यात मुरवतात. मिरी म्हटल्यावर मला पुन्हा ह्याचीच आठवण झाली.

श्रॅम्सबर्ग मात्र सोडवेना. रविवारी सकाळी तेवढी एकच ठेवलीये. तिथे ह्याला गाडी चालवायची आहे आणि ग्लासही धरायचा आहे, म्हणजे परत दोन घोट आणि उरलेलं मला. त्याला इलाज नाही. पण बीजिंगची गोष्ट मला तिथेच सांगायची आहे.

नवी यादी सव्वापाच ओळींची झाली. नऊच्या सुमारास ह्याला ऑफिसात पाठवली.

उत्तर आलं, "चालेल."

आणि मग थोड्या वेळाने दुसरं: "चालायचे बूट घेतो."