दहा मिनिटांची गाडी

ठाण्यातल्या मानपाड्याच्या घरापासून नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या कार्यालयापर्यंत पोहोचायला मला रोज दीड तासाच्या आसपास लागतो आणि त्यातला रेल्वेतला वेळ जेमतेम दहा मिनिटांचा असतो. ठाणे-वाशी मार्गावर 2004 मध्ये लोकल सुरू झाल्यापासून खाडीपलीकडची नोकरी ठाणेकरांच्या आवाक्यात आली, हे मान्यच करायला हवे. पूर्वी कळव्याहून विटाव्याच्या पुलाखालून बसने जावे लागे आणि पावसाळ्यात तिथे पाणी तुंबले की दिवस गेलाच म्हणून समजावे. गाडी उत्तम आहे. अडचण गाडीपर्यंत पोहोचण्याची आणि गाडीतून उतरल्यानंतरची आहे.

घोडबंदर रस्त्यावरून स्टेशन गाठायला कधी पस्तीस मिनिटे लागतात, तर कधी पाऊण तास. बस आली तर ती भरलेली असते. शेअर रिक्षा मिळाली तरी तीही त्याच कोंडीत अडकते. कासारवडवलीपासून वडाळ्याकडे जाणाऱ्या मेट्रो 4 चे खांब खिडकीतून पाहत बसावे लागते. पुढे सॅटिसवर, म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या बससाठीच्या उन्नत पुलावर, उतरून माणसांच्या लोंढ्यातून दहा नंबरच्या फलाटापर्यंत चालण्यातच, स्टेशनच्या आत, सात-आठ मिनिटे जातात. ऐरोलीला उतरल्यावर कार्यालय चालत जाण्याइतके जवळ आहे, पण पदपथावर कुठे दुचाक्या लावलेल्या, कुठे झाकण खचलेले, त्यामुळे माणसे रस्त्याच्या कडेने चालतात आणि पाठीमागून येणारे वाहनचालक त्यांच्यावरच हॉर्न वाजवतात.

केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात रस्त्यांचे नियोजन वाहनांसाठी नव्हे, तर माणसांसाठी व्हावे, असे स्पष्ट म्हटले आहे. रस्त्यावरची जागा कोणाला किती द्यायची, हा प्रश्न त्यात नेमका ओळखला होता. तरीही आपल्याकडे कोंडी झाली की पहिली मागणी उड्डाणपुलाची होते. बससाठी राखीव मार्गिका मागणारे मी आमच्या सोसायटीच्या सभेत एकदाही ऐकलेले नाही. पार्किंगवर मात्र दोन-दोन तास चर्चा होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या चर्चेत मीही बोललो आहे.

सिडकोने नवी मुंबई आखताना स्टेशने आणि व्यापारी जागा एकत्र बांधल्या. वाशी स्टेशनवरच्या इमारतींत कार्यालये आहेत, म्हणजे तिथे काम करणाऱ्याला गाडीतून उतरल्यावर दुसरे वाहन शोधावे लागत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली, तेव्हा हा विचार तितकासा पाळला गेला नाही, असे रोज चालताना मला वाटते.

आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ कारने, एकटेच, मुलुंड-ऐरोली पुलावरून त्याच भागात जातात. त्यांनाही वेळ साधारण माझ्याइतकाच लागतो, पण ते बसून जातात. गेल्या महिन्यात आमच्या घरी स्कूटर घेण्याचा विषय पुन्हा निघाला. मी अजून नाही म्हटलेले नाही.