पाठीवर डोळे असलेला दगड

माघ वद्य द्वितीया, शनिवार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आमच्या रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही येतो. दोनाची पाऊणपट दीड. रात्री दीडला भरती, म्हणजे सकाळी पावणेआठच्या सुमाराला पूर्ण सुकती, ओहोटी. त्यात पौर्णिमा नुकतीच झालेली, उधाणाचे दिवस. पाणी लांब जाणार होतं. आठवीच्या एकवीस मुलांना घेऊन मी सातलाच खडपावर, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर, उतरलो.

मी विज्ञान शिकवतो. तीन वर्षांपूर्वी मुंबईला गेलो असताना ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या लोकांबरोबर एका पहाटे हाजी अलीच्या खडकांवर फिरलो होतो. २०१७ पासून ही मंडळी मुंबईच्या किनाऱ्यावर लोकांना घेऊन फिरतात. एवढ्या गजबजलेल्या शहराच्या कडेला समुद्रफुलं आणि समुद्रगोगलगाई बघितल्या आणि वाटलं, आपल्या शाळेपासून किनारा दहा मिनिटांवर आहे, आपण काय करतोय? तेव्हापासून दर हिवाळ्यात किनाऱ्यावर दिसलेल्या जिवांची आमची नोंदवही चालू आहे. नियम मोजकेच. दगड उचलला तर होता तसाच परत ठेवायचा. शंकूच्या आकाराच्या शंखाला हात लावायचा नाही, त्याचा डंख विषारी असतो. आणि जे दिसलं तेच लिहायचं.

त्या दिवशी पहिला अर्धा तास नेहमीसारखाच गेला. कुर्ल्या, शेवाळ, खडकाला चिकटलेली कालवं. मग एक मुलगी लांबून ओरडली, “सर, ह्यो दगड हालतोय!”

ती कालवं काढणाऱ्या घरातली. खडपावर तिचे पाय माझ्यापेक्षा पक्के पडतात. जवळ जाऊन बघितलं, तर अंगठ्याएवढा एक मळकट हिरवट-तपकिरी गोळा, पाठ सगळी चामखिळींनी भरलेली. आजूबाजूच्या खडकाचा रंग आणि त्याचा रंग अगदी एक. तो शेवाळाच्या थरावरून सरकत होता, इतक्या सावकाश की बघता बघता लक्षात येऊ नये. मागे बारीक वाळूची शेवईसारखी दोरी पडत होती, म्हणजे चरणं चालू होतं. मी म्हणालो, “समुद्रकाकडी असावी, काकडीच्या आकाराचा मऊ अंगाचा समुद्री प्राणी.” मुलांनी तसं लिहूनही घेतलं.

तिचं मात्र समाधान झालं नव्हतं. ती उकिडवी बसून राहिली. फोटो काढायला मी वाकलो तेव्हा म्हणाली, “सर, तुमची सावली पडली की तो आकसतो.” मी बाजूला झालो. थोड्या वेळाने तो पुन्हा पसरला, पुढून दोन आखूड शिंगं बाहेर आली. तिने हात वरून नुसता फिरवला, न शिवता. पाठ चटकन गोळा झाली. पाच वेळा करून बघितलं. ढगाची सावली आली तरी तो आकसेल का, हे एका मुलाने विचारलं. ढगच नव्हता, त्यामुळे तो प्रश्न वहीत तसाच राहिला. मला तो फार आवडला.

तिची आई पलीकडेच कालवं फोडत होती. तिला विचारलं, याला काय म्हणता? तिने बघितलं आणि मान हलवली. “नाव काय ठाऊक नाय गुरुजी. खात नाय कोन. सुकतीला भायर येतं, पानी चढायच्या आदी फटीत जातं.” आमच्याकडे शिणाणे, मुळे या शिंपल्यांना नाव आहे, केंड माशाला आहे. याला नाव नव्हतं, पण त्याचं वेळापत्रक तिला पाठ होतं.

रात्री फोटो आयनॅचरलिस्टवर टाकले, तिथे लोक एकमेकांना जीव ओळखायला मदत करतात. तासाभरात कुणीतरी माझी ओळख खोडून लिहिलं, समुद्रकाकडी नव्हे, पेरोनिया. पाठीवरच्या चामखिळींची टोकं मोठी करून बघा. बघितली. काही टोकांवर काळे बारीक ठिपके होते, कुठे एक, कुठे तीन. ते डोळे होते. शिंगांच्या टोकावरचे दोन वेगळे, आणि पाठीवर हे इतके. प्रकाश कमी झाला की यांनाच कळतं. म्हणजे त्या मुलीने पाठीवरचे डोळे न बघताच त्यांचं काम शोधून काढलं होतं!

हा गोगलगाईंचाच नातेवाईक, पण शंख नसलेला. समुद्रात राहूनही हवेतला श्वास घेतो, पाठीच्या मागच्या बाजूला फांद्यांसारखे कल्लेही असतात. ओहोटीत चरायला निघतो आणि आपल्याच चिकट वाटेचा माग काढत आपल्या फटीत परततो. आईने सांगितलेलं तेच.

सोमवारी वर्गात पहिलं काम चूक दुरुस्त करण्याचं. ‘समुद्रकाकडी’वर मी स्वतः काट मारली. मुलांना पूर्ण नाव हवं होतं. जुन्या याद्यांत आपल्या किनाऱ्यावरच्या अशा प्राण्याला सरसकट ओंकिडियम वेरुक्युलेटम म्हटलेलं सापडतं, ते लिहून टाकणं सोपं होतं. पण २०२० मध्ये पेरोनिया या वंशाची नव्याने मांडणी झाली, डीएनए आणि शरीराच्या आतली रचना तपासून. बाहेरून यातल्या जाती एकमेकींसारख्याच दिसतात. त्या खडपावर आम्ही कुणाला कापलं नव्हतं आणि कापणारही नव्हतो. तेव्हा फळ्यावर लिहिलं: ‘पेरोनिया. जात ठरवलेली नाही.’ एकाने विचारलं, “मग ही नोंद अर्धीच ना सर?” मी म्हटलं, नाही, आपल्याला जेवढं दिसलं तेवढी ती पूर्ण आहे.

त्या मुलीने वहीत खाली आणखी दोन ओळी घातल्या. ‘सावलीला आकसतो, पाच पैकी पाच वेळा. भरतीआधी फटीत जातो, आईने बघितले आहे, आम्ही अजून नाही.’ मग बोटांवर मोजत ती माझ्या टेबलाशी आली.

“सर, अमावास्येनंतरची द्वितीया रविवारी येतेय. पाणी चढेपर्यंत थांबायचं?”