तुम्ही विचारलंत म्हणून: रंगवलेले बोर्ड नागपूरहून का आणले?

लग्नात भेटलात, बँकेच्या रांगेत भेटलात, वरोऱ्याच्या स्टँडवर भेटलात, तरी प्रश्न तोच: गावात पेंटर असताना घराच्या बाहेरच्या भिंतींसाठी फायबर सिमेंटच्या रंगवलेल्या पट्ट्या नागपूरहून कशाला आणल्या? काही जण खरंच माहितीसाठी विचारतात, त्यांनाही घर बांधायचं असतं. बाकीच्यांच्या प्रश्नाच्या पोटात दुसरंच असतं. गावातल्या माणसाचं काम हिसकावलं, जास्तीचा पैसा कंपनीला दिला, वर मोठेपणा मिरवला. आजवर मी "टिकतं चांगलं" एवढंच म्हणून विषय संपवत आले. ते उत्तर खोटं नाही, पण माझं कारण ते नव्हतंच.

बोर्डाचंच घर का, हे सांगत बसत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि विटांच्या भिंतीचं काय करते ते तुमच्या घरातही दिसतं. लोखंडी सांगाडा उभा केला, बाहेरून फायबर सिमेंटच्या पट्ट्या लावल्या. हे जुने सिमेंटचे पत्रे नव्हेत. मी घेतलेल्या बोर्डात ॲस्बेस्टॉस नाही, सिमेंट, सिलिका आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू आहेत. प्रश्न फक्त रंगाचा होता. नुसतं प्राइमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारलेले बोर्ड आणून भिंतीवर बसवायचे आणि मग पेंटरकडून रंगवून घ्यायचे, की कारखान्यातच रंग मारून, भट्टीत पक्का करून आलेले घ्यायचे.

एके काळी मी पहिल्या बाजूची होते, आणि तेव्हा मांडलेले मुद्दे मला आजही चुकीचे वाटत नाहीत. मजुरी गावात राहते. रंगाची छटा मनासारखी मिळते. कुठे खरचटलं तर तोच माणूस तोच डबा घेऊन येतो आणि भिंत एकसारखी करून जातो. ट्रकमधून उतरवताना रंग खराब होईल ही धास्ती नसते. सांधे, स्क्रूची डोकी, कापलेल्या कडा, सगळ्यांवर एकच रंग बसतो. आज कुणी माझ्यासमोर हे मुद्दे मांडले तर मी एकही खोडणार नाही. पण मधल्या काळात माझ्या बहिणीचं घर झालं.

तिचे बोर्ड जानेवारीत भिंतीवर चढले. करडं प्राइमर मारलेले, छान सरळ बसवलेले. रंग संक्रांतीनंतर लगेच करायचा होता. तेवढ्यात बोअरची मोटर जळली, मग भाच्याची फी आली, मग "सोयाबीन निघू दे, सोयाबीनच्या पैशात रंग करू" असं ठरलं. आपल्याकडे हे असंच ठरतं, यात मी भाऊजींना दोष देत नाही. पण प्राइमर हे अस्तर आहे, ऊनपाऊस सोसायला ते केलेलंच नसतं. अमेरिकेत जेम्स हार्डी ही कंपनी प्राइमर मारलेल्या पट्ट्या बसवल्यापासून १८० दिवसांच्या आत रंगवा असं सांगते. बहिणीच्या भिंतींनी त्या अस्तरावर अख्खा नवतपा काढला, त्यानंतर मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस काढला. खालच्या पट्ट्यांच्या कापलेल्या कडा ठेकेदाराने कोऱ्याच सोडल्या होत्या. फायबर सिमेंट कोऱ्या कडेतून पाणी ओढतं. पट्टी आणि अंगण यांत वीतभर जागा हवी, तीही नव्हती. पागोळ्यांचं पाणी मातीवर पडून सरळ कडेवर उडत होतं.

रंगाचे पैसे आले तेव्हा दिवाळी तोंडावर होती. आमचे पेंटर काका आले. भिंतीवरून तळहात फिरवला आणि भाऊजींसमोर धरला. हाताला पांढुरकी पूड लागली होती. म्हणाले, "पह्यले घासून धुवा लागते जी. वाळू द्या लागते. मंग नवं अस्तर मारल्याशिवाय रंग धरत नाही."

भाऊजी म्हणाले, "काका, दिवाळी आठ दिवसांवर आली. दोन हात मारून द्या."

मी तिथेच होते. म्हटलं, काका म्हणतात तसं करू या, पैसे कमी पडत असतील तर मी घालते. भाऊजींना ते लागलं. बहिणीनं मला डोळ्यांनी गप्प केलं. काकांनी आणखी एकदा सांगून पाहिलं आणि मग रोलर उचलला. त्यांच्याही घरी दिवाळी होती.

दिवाळीत घर सुंदर दिसलं. मे महिन्यात बारसं होतं, घरभर पाहुणे. आणि पश्चिमेची भिंत, जिच्यावर दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन असतं, तिच्यावर खालच्या चार पट्ट्यांना फुगे आले होते. वरच्या पट्ट्यांवर रंगाचे पोपडे लटकत होते. पाहुण्यांपुढे शोभा झाली, म्हणून भाऊजी चिडलेले. काकांना बारशाचं आवतण होतंच. ते आले, चप्पल काढली, तेवढ्यात त्यांना जेवायला बसवायच्या ऐवजी भिंतीपाशी नेलं. ठेकेदारही पाहुण्यांत होता. सगळ्यात आधी तोच बोलला. "पेंटरनं रंगात पाणी जास्त घातलं." रंग उडाला की हे वाक्य कुणीतरी बोलतंच, आणि बोलणाऱ्याला ते सिद्ध करावं लागत नाही.

काकांनी काही न बोलता हाताएवढा पोपडा ओढून काढला आणि उलटा केला. मागच्या बाजूला करडं अस्तर जसंच्या तसं चिकटून आलं होतं, त्यावर पूड होती. म्हणाले, "उलटीकडून पाहा जी. माह्या रंगानं अस्तर सोडलं नाही. अस्तरानं बोर्ड सोडला."

यापेक्षा स्वच्छ पुरावा काय असतो? रंगात पाणी जास्त झालं असतं तर तो पातळ बसला असता, लवकर विटला असता, अस्तरावरून खडूसारखा निघाला असता. अस्तर बरोबर घेऊन निघाला नसता. मी तो पोपडा हातात घेतला, भाऊजींना दाखवला, ठेकेदाराला खालच्या कोऱ्या कडा दाखवल्या. मला उत्तर मिळालं, "तुला काय कळतं बोर्डातलं?" कुणीतरी विषय बदलला, पंगत बसली. काका जेवण न करता गेले. भर दुपारी, त्या उन्हात, आवतण देऊन बोलावलेला म्हातारा माणूस उपाशी गेला आणि आतून कुणी हाकही मारली नाही. मी रस्त्यापर्यंत मागे गेले. ते म्हणाले, "जाऊ द्या ताई, तुम्ही जेवा."

त्यांची उरलेली मजुरी भाऊजींनी अडवून ठेवली. त्यांच्याबरोबर रोलर धरणारा मुलगा त्यानंतर हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. आजूबाजूच्या गावांत "बोर्डाचं काम त्यांना जमत नाही" हे पसरलं.

हे मनात ठेवून आता माझ्या घराकडे या. माझे बोर्ड घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्याही हातात रंगाचे पैसे नव्हते. मी स्वतःला ओळखते. मीसुद्धा "कापूस निघू दे" म्हणाले असते. भिंत वर्षभर अस्तरावर राहिली असती, शेवटी घाईत काकांना बोलावलं असतं, आणि काही झालं असतं तर लोकांनी पुन्हा त्यांच्याकडेच बोट दाखवलं असतं. कारखान्यातून रंगून येणाऱ्या बोर्डाचा मला दिसलेला मोठा गुण हा: रंग बोर्डाच्या बिलातच असतो, तो पुढच्या पिकावर ढकलता येत नाही. बोर्ड कोरडा असतो, स्वच्छ असतो, रंगाचा थर मोजून बसतो, भट्टीत पक्का होतो. बाहेर ४५ अंश आहेत की झड लागली आहे, सोयाबीन विकलं की नाही, त्याचा त्या रंगाशी संबंध राहत नाही. जेम्स हार्डी तिकडे अशा रंगाची १५ वर्षांची हमी देते. आपल्याकडे हमी कंपनीगणिक वेगळी, म्हणून कागद मागून घ्या. पण मी हमीसाठी घेतले नाहीत.

काका बोर्ड पाहायला आले. पहिलं वाक्य, "काऊन जी ताई, तुमचाही भरवसा उडाला का?" मी वर लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पट्टीवरून अंगठा फिरवला. "रंग चांगला हाय. पण खरचटला तं कोन भरन?" त्यांना माझं पटलं असं मला वाटत नाही. काम जाणाऱ्या माणसाला त्याच्या भल्यासाठीच काम दिलं नाही असं सांगणं ऐकायला कसं लागत असेल, हे मला त्या वेळीच कळत होतं.

त्यांचा प्रश्न मात्र बरोबर निघाला. रंगवलेला बोर्डही साइटवर कापावा लागतोच, आणि कापलेली प्रत्येक कड कोरी असते. ती बसवण्याआधी रंगाने बंद करावी लागते. हे काम काकांनीच केलं, रोजाने, बारीक ब्रश घेऊन. कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसते, म्हणून पट्ट्या उघड्यावर, मास्क लावून कापून घेतल्या. जो कुणी हे काम करणार असेल त्याने यात कुचराई करू नये. वरची प्लास्टिकची फिल्म बसवल्याबरोबर काढली, नाहीतर उन्हाने तिचा गोंद रंगाला धरतो. कंपनीच्या टच-अपच्या डबीने स्क्रूची डोकी आणि ओरखडे झाकले. समोरून दिसत नाहीत, पण संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ठिपके दिसतात. मला ते खुपतात.

मग ट्रॉली मागे घेताना कोपऱ्याची एक पट्टी फुटली. ठेवणीतली जादा पट्टी लावली. शेजारच्या पट्ट्यांनी ऊन खाल्लेलं, ही नवी कोरी. फरक लांबून ओळखू येतो. भिंत साइटवर रंगवलेली असती तर काकांनी एका सकाळीत ती एकसारखी केली असती. माझी जुनी मतं इथे मला परत ऐकू येतात आणि माझ्याकडे त्यांना उत्तर नसतं. कारखान्याच्या रंगावरून ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळायचा रंग, मारता येतो. कधीतरी मारावाच लागेल, आणि त्या दिवशी माझीही भिंत साइटवर रंगवलेली भिंत होईल, तिला सगळे तेच नियम लागतील.

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. पट्ट्या बसवणारा मुलगा हमीचा कागद वाचून म्हणाला, "ताई, यात तं सगळं माह्यावरच हाय." कड बंद केली का, जमिनीपासून अंतर सोडलं का, स्क्रू किती आत गेला, बोर्ड ओला असताना बसवला का. यातलं काही चुकलं तर हमी नाही. म्हणजे उद्या रंग सुटला तर कंपनी त्या पोराकडे बोट दाखवणार. काकांना वाचवायला निघाले आणि दोष दुसऱ्या रोजंदाराच्या दारात नेऊन ठेवला का मी? त्याचं काम होताना रोज फोटो काढले, प्रत्येक कडेचे. ते त्याच्या बाजूने पुरावा म्हणून ठेवलेत. तेवढं पुरेल की नाही, सांगता येत नाही.

तर ज्यांना खरंच घर बांधायचं आहे त्यांनी हे पाहावं. हातात रंगाचे पैसे असतील आणि थंडीच्या दिवसांत काम होणार असेल, तर साइटवर रंगवा, खुशाल रंगवा, गावातल्याच माणसाकडून. सिमेंटमधला चुना ऑइल पेंटचा साबण करतो, म्हणून ॲक्रिलिकच घ्या. पश्चिमेची भिंत सकाळी, ती सावलीत असताना रंगवा. पेंटर थांबा म्हणाला तर थांबा. रंग पिकावर अवलंबून असेल तर रंगून आलेलेच घ्या. माजरीच्या कोळसा खाणींच्या बाजूचे असाल तर कोळशाची धूळ दोन्हींवर सारखीच बसते, मऊ फडक्याने धुवावी लागते.

बाकी ज्यांना मी काकांचं काम हिसकावलं असं वाटतं, त्यांनी ते काकांना विचारावं. मी त्यांची बहिणीकडची थकलेली मजुरी घेऊन त्यांच्या घरी गेले होते. घेतली नाही. म्हणाले, "ज्याचं देनं हाय त्यानं द्यावं." भाऊजी माझं लिहिलेलं वाचतात, म्हणून हे इथे लिहिलं आहे.